मापवहीतला आठ

हे लिहायचं शिवलिंग टाळतच होता. दोनदा मोबाईलवर लिहायला घेतलं आणि दोनदा पुसून टाकलं. तिसऱ्यांदा तेरच्या स्टँडवर बसून अर्धं झालं होतं, तर शेजारचा माणूस मान वाकडी करून वाचताना दिसला. मोबाईल खिशात. मग त्याला एक युक्ती सुचली. 'मी' म्हणून लिहायचंच नाही, 'शिवलिंग' म्हणून लिहायचं. म्हणजे पोट दुसऱ्याच कुणाचं तरी आहे असं वाटतं, आणि खरं लिहायला जमतं.

तर शिवलिंग.

वय सत्तावीस. गाव तेर. वजन... ते राहू द्या. ठिबकचे पाईप विकणाऱ्या एका कंपनीत लागून त्याला अडीच महिने झाले होते. तीन महिने बघणार, मग ठेवायचं का नारळ द्यायचा ते ठरवणार, असा करार. काम म्हणजे जिल्हाभर एसटीनं हिंडायचं, दुकानदारांना माल दाखवायचा, ऑर्डर आणायची. सोमवारी भूम, मंगळवारी परंडा, गुरुवारी लोहारा-सास्तूर. बोलण्यात शिवलिंग वस्ताद. अडचण एकच होती, शर्ट.

त्याच्याकडं कामाचे शर्ट तीन, आणि तिन्ही कॉलेजातले. शर्ट होते तेवढेच राहिले, शिवलिंग राहिला नाही. पोटावर दोन बटणांच्या मधे फट पडायची. ती तो आतून सेफ्टी पिन लावून बंद करायचा. पिन लावली की वाकायचं नाही, शिंकायचं नाही, आणि एसटीत वरच्या फळीवर बॅग ठेवायची असली तर दुसऱ्या कुणाला तरी दादा म्हणायचं.

भूमला एक दिवस तो हे विसरला. तिथं मल्हारशेठ म्हणून मोठे दुकानदार आहेत. खाली पडलेला पाईपचा तुकडा उचलायला शिवलिंग वाकला आणि चौथं बटण जे उडालं ते थेट शेठच्या चहात. शेठनं शांतपणे चमच्यानं बटण काढलं, काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "हे बी तुमच्या कंपनीचं सँपल हाय का?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. ऑर्डर मिळाली नाही.

बातमी धाराशिवला त्याच्या आधी पोचली. तिथं मैथिली मॅडम त्याच्या वरच्या साहेब. त्याच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या, पण अहो-जाहो सोडत नाहीत.

"शिवलिंग, काम चांगलंय तुमचं," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या सोमवारी इथं डीलरांची मीटिंग आहे. पुण्याहून साहेब येतायत. मालाची माहिती तुम्ही सांगणार, आणि तुम्हाला ठेवायचं का नाही ते साहेब त्याच दिवशी ठरवणार. जरा फॉर्मल या."

"हो मॅडम."

"मल्हारशेठपण येतायत. बटणं घट्ट लावून या."

आठ दिवस होते आणि खिशात जे होतं त्यात पगारापर्यंत एसटीपण करायची होती.

धाराशिवच्या पहिल्या दुकानातल्या सेल्समननं त्याला वरून खाली बघितलं, मग एका बाजूनं बघितलं आणि गल्ल्याकडं ओरडला, "शेठ, आपल्याकडं ह्यांचं काय हाय का?" जसं काही शिवलिंगचंच सामान तिथं राहिलं होतं. दुसऱ्या दुकानात त्याच्या मापाचा एक शर्ट निघाला. त्याच्यावर पोपट होते. तिसऱ्या दुकानात सगळं होतं, पण त्या किमतीत तेरला दोन माणसं उभी राहिली असती, कपड्यांसकट. मोबाईलवरनं एक पँट मागवली, चार एक्सेल. ती त्याच्या पुतण्याला एकदम बरोबर बसली. पुतण्या सातवीत आहे.

मग तो तौफिककडं गेला.

तौफिक म्हणजे पहिलीपासून एका बाकावरचा. त्याचे अब्बा गफारचाचा तेरमधले जुने टेलर. चाचांनी तौफिकला आठ वर्षं काजं-बटणं आणि पायमशीनवरच ठेवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी कुठं त्याच्या हातात कात्री दिली. त्या दिवशी तौफिकनं अख्ख्या ग्रुपला जिलेबी चारली होती. लग्न ठरल्यावर चारली नव्हती.

"विकतचं कशाला बघतो बे?" तौफिक म्हणाला. "तुझ्या घरात कापडाची खाण हाय. काकूची आहेराची पेटी."

आता ही पेटी सगळ्यांकडं असते. लग्नात पाहुण्यांना पँटपीस मिळतो. तो कुणी शिवत नाही. तो पेटीत जातो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला दिला जातो. तो त्याच्या पेटीत ठेवतो. काही पीस चार तालुके फिरून परत आलेले असतात, पण त्यांच्यात कुणाचा पाय म्हणून गेलेला नसतो. फक्त एक गोष्ट सांभाळायची, ज्याचा पीस त्यालाच परत द्यायचा नाही. तसं झालं तर दहा वर्षं बोलणं ऐकावं लागतं.

शिवलिंगची आई नीलम्मा ह्या बाबतीत फार पक्की. चिठ्ठी पडते, खोका बदलतो, म्हणून ती कापडाच्या कोपऱ्यातच पांढऱ्या दोऱ्यानं देणाऱ्याचं नाव घालते. बोटाएवढी अक्षरं, मोठे मोठे टाके. द्यायच्या वेळी दोरा ओढला की नाव गेलं.

पेटी उघडली. आईनं एकेक पीस काढून दाखवला. बिस्किटाच्या रंगाचा, चहाच्या रंगाचा, मग अजून एक बिस्किटाच्या रंगाचा. तळाला एक गडद निळा निघाला, जरा भारी, मुठीत चुरगळून सोडला तरी घडी न पडणारा. कोपऱ्यात पांढरं नाव, 'बंडप्पा'.

"हा तुझ्या मामाच्या ज्योतीच्या लग्नातला," आई म्हणाली. "तू पुण्याला परीक्षेला गेल्तास बघ, तवाचा. पोराकडच्यांनी सगळ्यांला एकच कापड वाटलं, आपल्याला बंडप्पामामाच्या हातनं आलं."

तौफिकनं पीस टेपनं मोजला आणि शिवलिंगकडं बघितलं. "ह्यात तुझा एक पाय बसतो."

"आणि दुसरा?"

"दुसरा सास्तूरला. मामाकडं असंल की ह्याचा जोडीदार."

गुरुवारी शिवलिंग तसाही सास्तूरला जाणार होता. कामं उरकून तो भूकंपानंतरच्या पुनर्वसनातल्या सरळ गल्लीनं मामाच्या घरी गेला. मामा शेतात होते. सिद्धम्मा मामीनं सगळं ऐकून घेतलं, पीस काढून आणला, पण हातात देईना.

"एकाच माणसाला दोन दोन आहेर? मग तुझ्या लग्नात मी आहेर करणार न्हाय, हे आत्ताच सांगून ठेवते."

"चालंल मामी."

"आन लग्न कवा?"

"आधी पँट होऊ द्या."

"व्हय, तेबी खरं. पोरीकडचे खालूनच बघत येतेत," मामी म्हणाली आणि पीस दिला. वर ताटभर जेवायलाही घातलं, ज्याचा मापावर काय परिणाम झाला असेल तो झाला.

शर्टाचं कापड मात्र विकत घेतलं. फिकं निळं, मिक्स, अडीच मीटर. शिवलिंगला काळं पाहिजे होतं. काळ्यात माणूस बारीक दिसतो, असं त्यानं मोबाईलवर बघितलं होतं.

"एसटीत बसणार ना तू?" गफारचाचांनी चष्म्यावरून विचारलं. "काळ्यावर भूमच्या रस्त्याचा सगळा फुफाटा दिसतो. आन सुती नको. सुती घालून इथनं धाराशिवला गेलास की उतरताना जुन्या नोटेसारखा दिसतोस."

"बरं चाचा, मग पँट तरी जरा स्लिम फिट करा की."

चाचांनी मशीन थांबवली. "बेटा, पोट लपवायचं नसतं. त्याला जागा द्यायची. जागा मिळाली की ते गप बसतं. आवळलं की ते समद्या गावाला आवाज देतं." मग तौफिककडं वळून, "समोर एकेक प्लेट टाक. पँट बेंबीवर बांधायची, पोटाच्या खाली न्हाय. खाली बांधली की गॅलरी दिसते. शर्ट मागनं चार बोटं लांब, म्हंजी वाकला तरी बाहेर यायचा न्हाय. माप तू घे. काप पण तूच. मी हात लावणार न्हाय."

तौफिकच्या तोंडावर त्या क्षणी जे आलं ते शिवलिंगनं बघितलं होतं. पुढचं सगळं लिहायला जड जातंय ते त्यामुळंच.

तौफिकनं टेप कमरेला लावला. शिवलिंगनं श्वास आत घेतला.

तौफिकनं टेप तसाच धरला. "काय रे, सोमवारी भूमला एसटी किती वाजता पोचली?"

"नव्," शिवलिंग नाकातनं म्हणाला.

"आन कंडक्टर कोण हुता?"

"मायत न्हाय."

"आन ते चहातलं बटण, शेठनं चहा पिला का टाकला?"

शिवलिंगला हसू आलं आणि श्वास सुटला. पोट जागेवर आलं. तौफिकनं आकडा वाचला, मापवहीत पेन्सिलनं लिहिला आणि बाप-लेक दोघं नमाजला गेले.

वही काउंटरवर उघडीच होती. त्या वहीत अख्ख्या तेरच्या कमरा आहेत. येणारा जाणारा ती चाळतो, कुणाची वाढली, कुणाची उतरली ते मोठ्यानं वाचतो, हसतो. शिवलिंगही हसायचा. त्या दिवशी त्यानं आपलं नाव बघितलं, पुढचा आकडा बघितला. पहिला आकडा इथं लिहिणार नाही. दुसरा आठ होता. तौफिकचा आठ म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन लाडू.

पेन्सिल तिथंच पडली होती. मागं खोडरबर होतं.

त्यानं आठाचा चार केला. एवढंच. सोमवारपर्यंत सकाळ-संध्याकाळ चालू, रात्रीची भाकरी बंद करू, चार इंच काय, उतरतील. असं त्यानं स्वतःला सांगितलं. चालायला गेला एकच दिवस, आणि तेही येताना वडापाव खाऊन.

कपडे मिळणार होते शनिवारी. टेलरचा शनिवार सोमवारी सकाळी सात वाजता उजाडला. आठची एसटी होती. शर्ट घातला. आयुष्यात पहिल्यांदा शर्टानं शिवलिंगला मधे फट न ठेवता मिठी मारली. खांद्यावर बरोबर, पोटावर सैल. शिवलिंग खुश. मग पँट चढवली. मांड्यांपर्यंत आली, वर आली, आणि कमरेला दोन टोकं एकमेकांकडं बघत उभी राहिली. मधे चार बोटं अंतर.

तौफिकनं वही ओढली. आकडा बघितला. बराच वेळ बघितला. मग शिवलिंगकडं बघितलं, मग परत वहीकडं.

"माझंच चुकलं, अब्बा," तो म्हणाला. "माप चुकीचं लिवलं मी."

"चार इंच?" चाचांचा आवाज चढला. "धाग्याचं चुकतं, बोटाचं चुकतं. चार इंच कुणाचं चुकतं? पोराची नोकरी हाय आज! ठेव ती कात्री." त्यांनी कात्री घेतली आणि भिंतीवरच्या उंच खिळ्याला अडकवली. "सहा महिने हात लावू नको. काजं कर."

शिवलिंगनं तोंड उघडलं. मग घड्याळाकडं बघितलं. सात वाजून दहा. आत्ता सांगितलं तर भांडण, भांडणात एसटी जाणार, एसटीबरोबर नोकरी. त्यानं तोंड मिटलं. खरं सांगायचं तर एसटीचं निमित्त होतं. लाज वाटत होती.

तौफिकनं पँटची मागची शिलाई उसवली, उरलेल्या कापडातनं एक तुकडा काढला आणि मधे बसवायला घेतला. वीज गेली होती. दाराच्या उजेडात तो पायमशीन हाणत होता, खाली मान घालून. आठाला दहा कमी असताना पँट शिवलिंगच्या अंगावर होती आणि हुक लागला होता. आरामात लागला. शिवलिंग पळाला. थँक्यू म्हणाला का नाही, आठवत नाही.

एसटीत जागा मिळाली नाही. तो पुढं तोंड करून उभा राहिला. पँट छान होती, खरंच. वरच्या फळीवर बॅग त्यानं स्वतः ठेवली. शर्ट बाहेर आला नाही, बटण हललं नाही. त्याला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं.

"ओ बंडप्पा, पुढं सरका," मागनं कंडक्टर म्हणाला.

शिवलिंगनं वळून बघितलं. मामा ह्याच गाडीत? मामा कुठं दिसले नाहीत.

"तुमालाच म्हणतोय बंडप्पा, सरका की."

मागच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोरी खिदळल्या. शिवलिंग सरकला. ह्या कंडक्टरची सगळ्या जाड माणसांना असंच बोलवायची सवय असणार, असं त्याला वाटलं आणि राग आला.

हॉलमध्ये तीसेक डीलर. पहिल्या रांगेत पुण्याचे साहेब, बाजूला मैथिली मॅडम. मॅडमनी त्याला समोरून नीट बघितलं आणि मान हलवली. म्हणजे पास. शिवलिंगनं बोलायला सुरुवात केली आणि मग तो थांबलाच नाही. तेरणेकाठची जमीन आणि भूमची माळरानं, कुठं कुठला पाईप, उंदीर कुठं कुरतडतो, सगळं. खाली वाकून त्यानं जोड लावून दाखवला. मग फळ्यावर आकडे काढायला पाठ फिरवली.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघं हसले, मग अर्धा हॉल.

उसवली! शिवलिंगनं हळूच हात मागं नेला. शिलाई शाबूत होती. पण बोटांना काहीतरी लागलं. पट्ट्याच्या खाली, नव्या तुकड्यावर, मोठे मोठे टाके. त्यानं हातानं अक्षरं चाचपली आणि त्याला कळलं. आईचा दोरा. गडद निळ्या कापडावर, पांढराशुभ्र. तो तेरपासून इथपर्यंत ढुंगणावर मामाचं नाव मिरवत आला होता.

"ओ पाव्हणं," मल्हारशेठ उभे राहिले, "मागल्या बारीला बटण दिलं, आज नाव बी लिवून आणलंय व्हय? बंडप्पा कोण?"

आता खोटं बोलायला जागाच नव्हती. "मामा हायत माझे. सास्तूरचे," शिवलिंग म्हणाला. "आहेराचा पीस हाय, शेठ. ज्याचा त्याला परत जाऊ नाय म्हणून आई नाव घालते. मला विकतचं बसत न्हाय, आन बसतं ते परवडत न्हाय. दोन पीस जोडून शिवलीय."

मल्हारशेठ पुढं आले. चष्मा लावला आणि सगळ्यांसमोर वाकून कापड चिमटीत धरलं.

"सास्तूरचे बंडप्पा? त्यांची ज्योती म्हंजी माझ्या पुतण्याची बायको! आरं, हे कापड मीच आणलं सोलापूरहून. साठ पीस! चांगलं भारी बघून आणलं, म्हणलं लोक घालतील. तीन वर्षं झाली, एकाच्या अंगावर बघितला न्हाय मी. उलट त्यातले दोन मलाच आहेरात परत आले!" ते पुण्याच्या साहेबाकडं वळले. "साहेब, साठातला हा पहिला गडी, ज्यानं आहेर शिवला."

साहेबांना किती कळलं देव जाणे, पण हॉल इतका हसत होता की तेही हसले. शेठ परत खुर्चीत बसता बसता म्हणाले, "पाईपचं मगाशीच पटलं हुतं. माझी ऑर्डर लिवून घ्या. पाव्हण्याला मोकळं पाठवता येत न्हाय."

मीटिंग संपल्यावर साहेब मैथिली मॅडमशी बोलले आणि मॅडम त्याच्याकडं आल्या. "पुढच्या महिन्यापासून पक्के," त्या म्हणाल्या. मग हसू दाबून, "अभिनंदन, बंडप्पा."

शिवलिंगनं घरी फोन लावला नाही. येताना एसटीत जागा होती तरी तो उभाच राहिला. शर्टाला घडी पडली नव्हती. पँटलाही नाही. ती इतकी नीट शिवलेली होती की त्याला बसवेना.

तेरला उतरून तो सरळ दुकानात गेला. तौफिक काजं करत होता. कात्री खिळ्याला होती. चाचा बाजूला, आणि बाकावर गावातली चार माणसं टेकलेली.

"चाचा," शिवलिंग म्हणाला, "तौफिकचं माप चुकलं नव्हतं. वहीत आठ हुता. मी खोडून चार केला."

बाकावरची माणसं पुढं सरकली. चाचांनी वही घेतली, दाराच्या उजेडात धरली. चाराच्या मागं दोन लाडू अजून पुसट दिसत होते. मग चाचा उठले, खिळ्यावरची कात्री काढली आणि तौफिकच्या मांडीवर ठेवली.

"तू सकाळीच बोलला का न्हाईस?" त्यांनी पोराला विचारलं.

"चार माझा नव्हता, ते बघताच कळलं मला," तौफिक म्हणाला. "पण ह्याची एसटी हुती ना."

शिवलिंगनं पाठ फिरवून पँटचं मागचं दाखवलं. "आन हे? हा दोरा तसाच का ठेवला?"

तौफिकनं दोन टाचण्या ओठात धरल्या. तोंडात टाचण्या असल्या की टेलरला बोलता येत नाही, सगळ्यांना माहितीय. पण डोळे हसत होते.

"सांग की बे!"

टाचण्या निघेनात. बाकावरचे हसायला लागले, मग चाचाही. शिवलिंग टेबलावरून टेप घेऊन आला आणि तौफिकच्या हातात दिला.

"ऐक," तो म्हणाला. "पगार झाला की दुसरी पँट तुझ्याकडंच. माप तूच घ्यायचं. मी पोट सोडून उभा राहीन, श्वास धरणार न्हाय. आन आकडा मोठ्यानं वाचायचा. पहिला आन दुसरा, दोन्ही. दुकानात कितीबी माणसं असू दे. शब्द देतो."